आली रे!

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

ही गोष्ट दुपारी घडली. मंगळवारी, साडेतीनच्या सुमारास. लख्ख उजेडात, घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या असताना.

जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावशी. थापा मारणारी बाई नाही. म्हणजे, त्या महिन्यात ती तीनदा खोटं बोलली, पण ते तिनेच मला सांगितलं आणि ते पुढे येईलच. मी फक्त तिच्याकडून ऐकलेलं सांगतेय. शेवटचा भाग मात्र मी स्वतः अनुभवलाय.

तो नसता अनुभवला तर बरं झालं असतं.

मावशीचं लग्न उशिरा झालं, चव्वेचाळिसाव्या वर्षी. काका बिजवर. पहिली बायको आजारपणात जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माणूस सज्जन, टेलिफोनच्या लाइनीवर काम करून निवृत्त झालेला, बोलायला कमी आणि हाताला काम जास्त. मावशी येणार म्हणून त्यांनी स्वतःच घर आवरलं. पहिलीचे कपडे देऊन टाकले, तिची भांडी बदलली, भिंतीवरचा फोटो उतरवला. फोटोचा खिळासुद्धा काढून भोक बुजवलं.

"तुला परकं वाटायला नको," म्हणाले.

मावशीला भरून आलं. एवढा विचार कोण करतं?

लग्नाला महिनाही झाला नव्हता. एक दिवस संध्याकाळी लाइट गेली. अर्ध्या तासाने आली. मावशी स्वयंपाकघरात होती. काका बाहेरच्या खोलीतून ओरडले, "आली का?"

"हो, आली!" मावशी म्हणाली आणि बाहेर आली.

काका जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. मान वर करून, माडीकडे बघत...

मावशीला मागून आलेली बघून ते दचकले. मग ओशाळं हसले. "सवय गं," म्हणाले, आणि बिचाऱ्याने साध्या मनाने सगळं सांगून टाकलं.

घरातली वायरिंग काकांनी स्वतः केलेली होती. बत्तीस वर्षांपूर्वी, पहिल्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी. भिंतीतल्या पाइपातून वायर ओवायची तर दोन माणसं लागतात. एका टोकाने एकाने ढकलायची, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने ओढून घ्यायची. काका खाली असायचे, ती वर. काका ढकलत ढकलत विचारायचे, "आली का?" आणि टोक दिसलं की ती वरून ओरडायची, "आली रे!"

पुढे लाइट जाऊन परत आली की दोघं गमतीने तेच करायचे. काका खालून, ती वरून. सव्वीस वर्षं.

"आली *रे*?" मावशीने विचारलं.

"हो. ती मला अरेतुरेच करायची."

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी त्यांना अहो म्हणायची. तुम्ही म्हणायची. तिच्या तोंडातून रे निघालाच नसता, आणि ही बाई सव्वीस वर्षं रे म्हणून बसली होती.

त्या दिवसापासून मावशीला ती वायर दिसायला लागली. भिंतीतली वायर काही दिसत नाही, पण मावशीला दिसायची. प्रत्येक स्विच पहिलीच्या उंचीला बसवलेला. मावशी बुटकी, तिला टाचा उंचवाव्या लागत. फ्यूजच्या बोर्डावर पहिलीच्या अक्षरात चिकटवलेल्या चिठ्ठ्या. स्वयंपाकघर. माडी. जिना. आणि एकीवर... तुझं टेबल.

तुझं.

"फोटो काढला, कपडे दिले, पण ती भिंतीत होती गं," मावशी मला म्हणाली. "बटण दाबलं की तिचीच बोटं लागायची हाताला."

मेलेल्या बाईचा कसला मत्सर, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. पण जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

तीन वर्षं मावशीने हे पोटात ठेवलं. मग जिन्यातला दिवा वेडेपणा करायला लागला.

जिन्यातल्या दिव्याला दोन स्विच होते, एक खाली, एक वर. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा. मावशी खालून दिवा बंद करून स्वयंपाकघरात जायची. दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर...

दिवा चालू.

भर दिवसा. माडीवर कुणी नसताना.

"स्प्रिंग सैल झाली असेल," काका म्हणाले.

एकदा झालं, दोनदा झालं. पाचव्यांदा मावशीने दिवा बंद केला आणि मुद्दाम तिथेच उभी राहिली.

वरून आवाज आला.

टक्.

दिवा लागला.

मावशी घाबरली असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ती काय म्हणाली माहितीये? "मला एवढा राग आला ना, मी परत बंद केला. तिने परत लावला. मी परत बंद केला." अशा दोघी किती वेळ करत होत्या कोण जाणे.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत एका घराचा मीटर जळाला. जुनी वायरिंग होती. मावशीच्या हातात आयतं कोलीत मिळालं.

"अहो, आपलीही पस्तीस वर्षांची आहे. सगळी बदलून घेऊ या."

"आधी तपासून घेऊ," काका म्हणाले. "चांगली असेल तर कशाला भिंती फोडायच्या?"

"तपासून काय होणार? जुनी ती जुनी."

"अगं, मी टाकलेली वायर आहे ती."

*तुम्ही दोघांनी टाकलेली*, मावशी मनात म्हणाली. वरून म्हणाली, "बरं. तपासू."

तपासायला जे गृहस्थ आले त्यांना सगळा मोहल्ला मेगरवाले म्हणायचा. सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा, काखेत चामड्याच्या पिशवीत मेगर. मेगर म्हणजे वायरच्या आवरणातून वीज गळते का ते बघायचं यंत्र. काका त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मावशीनेच दिवस तसा बघून ठरवला होता.

"कधीची आहे वायरिंग?" मेगरवाल्यांनी विचारलं.

"फार जुनी. बदलायलाच हवी ना?"

"वय विचारून कुणाचं ऑपरेशन करतात का बाई? आधी नाडी बघू."

त्यांनी मेन स्विच बंद केला. फ्यूज काढून टेबलावर मांडले, बल्ब उतरवले, फ्रिजची पिन काढली. मग एकेक लाइन तपासत गेले. स्वयंपाकघर, चांगलं. माडी, चांगली. काकांचं टेबल, उत्तम. प्रत्येक आकड्यासरशी म्हातारा खूश होत होता आणि मावशीचा चेहरा उतरत होता.

"कुणी ओढलीये ही वायर? कुठे सोललेली नाही, कुठे पीळ नाही. दोघांचा हात चांगला बसलेला असला पाहिजे."

मावशीने ओठ आवळले.

"बोर्ड तेवढा नवीन घ्या, अर्थिंग नवीन करा, ट्रिप होणारा स्विच बसवा. वायरला हात लावायची गरज नाही. आता जिना राहिला."

जिन्याच्या लाइनला त्यांनी दुसरं छोटं यंत्र लावलं. तार जोडलेली असली की ते पीं वाजतं, तुटली की गप्प. बल्बच्या जागी एक तुकडा जोडून ते खालच्या स्विचपाशी बसले.

पीं...

मग गप्प.

पीं...

मग गप्प.

"बाई, वर कोण आहे? त्यांना स्विचशी खेळू नका म्हणावं."

"वर कुणी नाही."

मेगरवाल्यांनी चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं. मग यंत्राकडे.

पीं... गप्प. पीं... गप्प.

घरात वीज नव्हती. पंखा नव्हता, फ्रिजची घरघर नव्हती. त्या शांततेत वरून स्पष्ट ऐकू येत होतं. टक्... टक्... टक्... आणि प्रत्येक टक् बरोबर खाली म्हाताऱ्याच्या हातातलं यंत्र बोलत होतं.

मेगरवाले उठले. घाई न करता जिना चढले. मावशी खालीच उभी राहिली. थोड्या वेळाने ते उतरले, यंत्र गुंडाळलं, पिशवी बंद केली.

"स्विच सैल आहे का?" मावशीने विचारलं.

"नाही. घट्ट आहे."

"मग?"

त्यांनी कागदावर सगळे आकडे लिहिले, खाली "वायर चांगली, बदलू नये" असं लिहून सही केली.

"तुम्ही खराब आहे असं लिहा ना," मावशी म्हणाली. "घर माझं आहे. मला नवी हवी आहे."

"नवी हवी असेल तर नवी घाला. त्याला माझी सही कशाला?" ते दारापर्यंत गेले आणि वळले. "पण बाई... जिन्यातली राहू द्या. जी वस्तू जिथे नीट बसलीये, तिला तिथून काढू नये."

मावशीने कागदाची घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

काका गाल धरून घरी आले. "काय म्हणाले?"

"सगळी बदलायला हवी म्हणाले."

हे पहिलं खोटं.

काका खुर्चीत बसले. बराच वेळ बोर्डावरच्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. तुला भीती वाटत असेल तर बदलू."

"मेगरवाल्यांनाच सांगू या काम?" मग त्यांनीच विचारलं.

"त्यांना वेळ नाही म्हणे," मावशी म्हणाली.

हे दुसरं.

दुसऱ्याच एका कंत्राटदाराची माणसं आली. पंधरा दिवस घरात ठाकठूक चालली. मावशीने सगळे स्विच आपल्या उंचीला घेतले. चिठ्ठ्या स्वतः नखाने खरवडून काढल्या. जिन्यातल्या दिव्याचा स्विच फक्त खालीच ठेवायचा, वरचा बंद करून त्यावर कोरी पट्टी मारायची, असं बजावून सांगितलं. रोज भिंतीतून जुन्या वायरची वेटोळी निघायची आणि मावशी ती केरासारखी बाहेर नेऊन टाकायची. तिला इतकं हलकं वाटत होतं की ती कामाच्या नादात गुणगुणायची.

राहिला जिना.

मंगळवारी दुपारी कामाची माणसं जेवायला गेली. वरच्या खोल्यांना जाणारी नवी वायर जिन्यातल्या पाइपातूनच न्यायची होती.

काका उठले. "ही मी काढतो," म्हणाले.

"माणसं येतील ना."

"नको. ही मीच टाकली होती. मीच काढतो." मग मावशीकडे बघून म्हणाले, "तू वर उभी राहशील?"

तीन वर्षांत त्यांनी तिला अशा कामाला पहिल्यांदाच हाक मारली होती. ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

रीत सोपी होती. जुन्या वायरच्या खालच्या टोकाला नवी वायर चिकटपट्टीने बांधायची. वरून जुनी ओढायची, की तिच्यामागून नवी येते.

"मी ढकलतो, तू ओढ," काका खालून म्हणाले. "नवीचं टोक दिसलं की सांग."

"काय सांगू?"

"काय म्हणजे? आली म्हणायचं."

मावशी ओढायला लागली. जुनी वायर हातभर आली. अजून हातभर. पिवळट पडलेली, हाताला थंडगार. मावशी मनात शब्द घोळवत होती. *आली. आली हो. आली.* आज जिन्याच्या वरून आवाज येणार होता तो तिचा.

मग वायर अडकली.

"अडकली हो!"

"जोर लाव."

तिने भिंतीला पाय लावून ओढलं. वायर हलेना. तिने श्वास घ्यायला हात जरा सैल केला आणि...

वायर आत गेली.

वीतभर. तिच्या तळहातातून सरकत, भिंतीतल्या भोकात.

"अहो, तुम्ही खालून ओढताय का?"

"मी? मी तर ढकलतोय."

मावशीने घट्ट पकडलं. वायर ताणली गेली. आतून कुणीतरी ओढत होतं. हिसका नाही, झटका नाही. दुसऱ्या टोकाला सरावाचं माणूस असावं तशी एकसारखी, शांत ओढ.

आणखी वीतभर आत गेली.

इथे कुणीही वायर टाकून पळालं असतं. मीही. पण मावशीच्या डोक्यात तेव्हा भीतीला जागाच नव्हती. ती गुडघ्यावर बसली, त्या भोकाला तोंड लावलं आणि खाली ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"सोड. खूप झालं. आता माझे आहेत ते. सोड!"



मग वायर सैल पडली. अगदी सैल. मावशीने ओढलं तशी भराभर बाहेर यायला लागली, पायाशी वेटोळी पडायला लागली, शेवटचा हातभर तुकडा भोकात सळसळला, आणि मावशी तोंड उघडणार इतक्यात...

तिच्या डाव्या खांद्यामागून, अगदी कानाशी...

"आली रे!"

बाईचा आवाज. हसरा. जरासा धापलेला.

खाली काका हसले. मोकळं, पोटातून आलेलं, तरुण माणसाचं हसू. "आली? अगं, आली का खरंच?"

मावशी मला म्हणाली, "त्या आवाजाने नाही गं मी थिजले. त्यांच्या त्या हसण्याने थिजले. तीन वर्षांत ते माझ्यासाठी असे एकदाही हसले नव्हते."

तिने मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

मग हातात पाहिलं.

हातात फक्त जुनी वायर होती. टोकाला सुटलेली चिकटपट्टी लोंबत होती. नवी वायर मधेच निसटून पाइपातच राहिली होती.

वायर आलीच नव्हती.

मग आली ती कोण?

काका धावत जिना चढून आले. तोंडभर हसू. त्यांनी मावशीच्या हातातलं रिकामं टोक पाहिलं आणि हसू हळूहळू मावळलं.

"ही तर सुटलीये. मग आली कशाला म्हणालीस?"

मावशीला तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी नाही म्हणाले, एवढंच. पण ते सांगितलं असतं तर तो आवाज कुणाचा हे त्यांना कळलं असतं. आणि ते कळू देण्यापेक्षा मावशीला मरण बरं वाटलं असतं.

"मला वाटलं आली," ती म्हणाली.

हे तिसरं.

काका तिच्याकडे बघत राहिले. "तू... रे म्हणालीस."

"हो. का? म्हणू नये?"

"म्हण ना. परत म्हण बरं."

मावशीने ओठांवरून जीभ फिरवली. "आली रे."

काकांनी मान खाली घालून ऐकलं. "हं," म्हणाले.

एवढंच. मग खाली बसले आणि जुनी वायर गोळा करायला लागले. खिशातल्या चाकूने तिचं टोक सोललं. आतलं तांबं कालच टाकल्यासारखं झळाळत होतं. काकांनी ते बोटावर फिरवून पाहिलं.

"अजून तीस वर्षं सहज चालली असती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण तुला हवं होतं."

त्यांना कागदाची गरजच नव्हती. टाकणाऱ्याला वायर माहीत असते. पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं कळलं होतं आणि तरी त्यांनी तिच्यासाठी भिंती फोडू दिल्या होत्या. म्हणजे ती ज्यासाठी जळत होती, ते तिला आधीच मिळालेलं होतं.

हे कळलं तेव्हा वेटोळं भंगारात गेलेलं होतं.

पुढचे आठ दिवस बरे गेले. नवे स्विच, नवा बोर्ड. जिन्यातला दिवा गुपचूप राहिला. मग एका दुपारी लाइट गेली. मावशी आणि काका बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी बसून शेंगा सोलत होते. लाइट आली. काका सवयीने मान वर करून म्हणाले, "आली का?"

वरून उत्तर आलं.

"आली रे!"

काकांचा हात शेंगेवर थांबला. त्यांनी हळूच शेजारी मावशीकडे पाहिलं.

मावशी घाईघाईने म्हणाली, "आली रे. आली, आली."

काका पुन्हा शेंगा सोलायला लागले. पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं, ते मावशीला दिसलं.

हे सगळं मावशीने मला मागच्या महिन्यात सांगितलं. मी तिच्याकडे गेले होते. दुपारचे चार वाजले होते, आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो, काका बाहेरच्या खोलीत रेडिओ उघडून काहीतरी खाटखूट करत होते. मावशीने पर्समधला मेगरवाल्यांचा कागद काढून दाखवला. घड्यांवर फाटलेला. "वायर चांगली, बदलू नये." खाली सही.

"भिंतीत होती तोवर भिंतीत होती गं," मावशी म्हणाली. "मीच ओढून बाहेर काढली तिला. या हातांनी."

मी तिची समजूत घालणार होते. वयाचे भास, एकटेपणा, असं काहीबाही.

तेवढ्यात पंखा थांबला.

लाइट गेली होती.

मावशीने कप खाली ठेवला. उठली. एक शब्द न बोलता जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. एक हात कठड्यावर, एक पाय पहिल्या पायरीवर. मी तिला हाका मारल्या. तिने ओठांवर बोट ठेवलं. मोजून वीस मिनिटं माझी पन्नाशीला टेकलेली मावशी शर्यतीला उभी राहिल्यासारखी तिथे उभी होती. मान वर. डोळ्यांची पापणी हलत नव्हती.

पंखा कुरकुरला. फिरला.

"आली का?" काका बाहेरून म्हणाले.

"आली रे!"

मावशी एवढ्या जोरात ओरडली की मी दचकले.



मग काकांचा आवाज आला. रोजचा, वैतागलेला, घरातल्या माणसांशी बोलावं तसा.

"अगं, दोघी एकदम ओरडू नका. आलं ऐकू."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

मावशी मात्र शांतपणे परत आली. खुर्चीत बसली. थोडी धापत होती. माझ्याकडे झुकली, मनगट धरलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, आणि ते भीतीपेक्षा वाईट होतं.

"खरं सांग," ती पुटपुटली. "कुणाचा आधी आला?"

मी म्हणाले, "तुझा."

मावशीच्या खांद्यांतला ताण उतरला. तिने गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि हसली.

मी खोटं बोलले होते.

मी निघाले. चपला घालायला जिन्याखाली वाकले. मावशी स्वयंपाकघरात कप धुत होती, काका रेडिओत डोकं घालून बसले होते. माझ्याजवळचा स्विच बंद होता. तो मी डोळ्यांनी पाहिला.

वरून आवाज आला. जिथे आता स्विच नाही, नुसती कोरी पट्टी आहे, तिथून.

टक्.

माझ्या डोक्यावरचा दिवा लागला.

मी चपला हातात घेऊन बाहेर पळाले. तेव्हापासून मी त्या घरी गेलेली नाही. मावशीचा फोन येतो, येत जा म्हणते. मी काहीतरी कारण सांगते.

आमच्या घरी हल्ली लाइट गेली की मी सगळ्यांना आधीच दटावून ठेवते. परत आली की गप्प बसायचं. आली असं कुणीही म्हणायचं नाही.

परवा सगळे गप्पच बसले होते...